तुझी जागा कोणती रे?

मित्रमैत्रिणींनो, भिडू कसे पाडतात हे मी तुम्हांला सांगायला नको. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात. नाणं उडवतात, नाहीतर एका बाजूला थुंकी लावलेली चपटी खापरी. ज्याची बाजू येते त्याची पहिली हाक. मग पाळीपाळीने एक तुझा, एक माझा. पहिली दोन-तीन नावं पटापट येतात. शेवटी दोघं उरतात ते आपल्या चपलांकडे बघत उभे असतात, आणि कोणाचा तरी धाकटा भाऊ ‘कच्चा लिंबू’ म्हणून दोन्हीकडे वाटला जातो.

हाच खेळ मोठी माणसं कोट घालून, टेबलं मांडून खेळतात तेव्हा त्याला ड्राफ्ट म्हणतात. थट्टा नाही करत! २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा असा ड्राफ्ट झाला होता. दहा संघ आणि दोनशेहून जास्त भारतीय खेळाडू. एकेका संघाने पाळीपाळीने नाव पुकारायचं. लिलाव वेगळा हं. क्रिकेट किंवा कबड्डीच्या लिलावात बोली चढत जाते आणि ज्याच्या खिशात जास्त, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये खेळाडूचा मोबदला आधीच ठरलेला असतो. पैसा फेकून दुसऱ्याला मागे टाकता येत नाही. तुमची पाळी येते तेव्हा तुम्ही कोणाला हाक मारता, एवढंच तुमच्या हाती. म्हणजे सगळी परीक्षा पारखणाऱ्याची.

आता हे सगळं मी का सांगतोय? तर आमच्या तुंगार्लीतल्याच एका आठवीतल्या मुलाचं पत्र आलं आहे. शाळेत निवड चाचणीचा फॉर्म मिळाला. त्यात ‘खेळण्याची जागा’ असा एकच रकाना आणि त्यापुढे एवढीशी रेघ. हा मुलगा कधी राइट बॅक खेळतो, कधी सेंटर बॅक, कोणी आजारी पडलं तर मधल्या फळीतसुद्धा. तो विचारतो, ‘मी काय लिहू? सगळं लिहिलं तर सर म्हणतील की याला काहीच नीट येत नाही. एकच लिहिलं आणि ती जागा भरलेली असली तर?’

प्रश्न लाखमोलाचा आहे. या प्रश्नावर अमेरिकेत कोट्यवधी डॉलर लागलेले आहेत, आणि बुडालेलेही आहेत.

पण आधी आपल्या मुंबईच्या त्या दिवसाकडे जाऊ. त्या ड्राफ्टमध्ये पहिली हाक नव्या जमशेदपूर संघाची होती. त्यांनी कोणाला बोलावलं असेल? गोल मारणाऱ्याला? छे! त्यांनी घेतला अनस एडाथोडिका, केरळचा सेंटर बॅक. आपल्या पुणे एफसीकडून तो काही वर्षं खेळून गेला होता. त्याचा मोबदला होता १ कोटी १० लाख रुपये. त्या दिवशी एवढी रक्कम आणखी फक्त एकाचीच होती, युजिनसन लिंगडोहची, आणि तो मधल्या फळीतला. अनसबद्दल कोणाला प्रश्नच नव्हता. त्याची जागा ठरलेली, त्याचं काम ठरलेलं. मधोमध उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं.

त्याच ड्राफ्टमध्ये बेंगळुरू एफसीने एका मुंबईकराला घेतलं. त्याचं नाव राहुल भेके. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स असं फिरून आलेला, २०१६ मध्ये बालेवाडीला एफसी पुणे सिटीकडूनही खेळलेला. (लोणावळ्याहून लोकलने जाऊन त्याला बघून आलेले काही जण आपल्या वाचकांच्या घरातही असतील. तो संघ २०१९ मध्ये बंद झाला, नाहीतर आजही गेलो असतो.) भेके उजव्या कडेला राइट बॅक खेळतो आणि मधे सेंटर बॅकही खेळतो. थोडक्यात, आपल्या पत्रवाल्या दोस्तासारखाच. त्या दिवशी वर्तमानपत्रांचे मोठे मथळे त्याच्यासाठी नव्हते.

पुढे काय झालं? १७ मार्च २०१९. मुंबईतच, अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं संपली तरी शून्य-शून्य. जादा वेळही संपत आली. आता पेनल्टीवर जाणार म्हणून लोक नखं कुरतडायला लागले होते. तेवढ्यात बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू आत टाकला आणि बचाव सोडून पुढे आलेल्या भेकेने त्याला डोकं लावलं. गोल! बेंगळुरूने पहिल्यांदा ती लीग जिंकली. पुढे तो मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना, आणि त्यातला दुसरा, जिंकून देणारा गोलही भेकेच्याच डोक्याचा!

म्हणून अनसपेक्षा भेकेला आधी घ्यायला हवं होतं का? नाही हो. जमशेदपूरकडे तेव्हा संघच नव्हता. रिकाम्या घरात आधी खांब लागतो, खिडकी नंतर. बेंगळुरूचं घर बांधून तयार होतं, त्यांना कुठेही बसेल असा माणूस हवा होता. एकाच खेळाडूची किंमत दोन घरांत दोन असते, हे भिडू पाडताना तुम्हीही करताच की! गोलात उभं राहायला कोणी नसलं की एरवी शेवटी उरणारा पोरगा पहिल्या हाकेला जातो.

आता अमेरिकेची गोष्ट. तिकडे ‘फुटबॉल’ म्हणतात त्या खेळात चेंडू लांबट असतो आणि त्याला पाय क्वचितच लागतो, पण ते सोडा. ड्राफ्टची पद्धत त्यांच्याकडे १९३६ पासून आहे. कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं आणि सात फेऱ्या. त्याआधी मुलांची जंगी तपासणी होते. १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरात भरते. उंची, वजन, हाताची लांबी, उभ्याने उडी, १०२ किलोचा बार छातीवरून कितीदा उचलता येतो ते, आणि ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावायला किती सेकंद लागतात ते.

२०२० मध्ये तिथे क्लेमसन विद्यापीठाचा आयझाया सिमन्स आला. उंची ६ फूट ४ इंच, वजन जवळजवळ १०८ किलो, आणि हा धिप्पाड गडी ४० यार्ड ४.३९ सेकंदांत पळाला! लोकांनी घड्याळं पुन्हा पाहिली असतील. कॉलेजमध्ये तो बचावात जवळजवळ प्रत्येक जागी खेळला होता. पुढे, मागे, कडेला, मधे, सगळीकडे. तिथल्या पत्रकारांनी त्याला विचारलं, तुझी जागा कोणती? त्याने जागेचं नाव घेतलंच नाही. आपण बचावात खेळतो, एवढंच म्हणाला.

ऐकायला छान वाटलं ना? ॲरिझोनाच्या संघालाही वाटलं. त्यांनी त्याला पहिल्याच फेरीत, आठव्या क्रमांकावर उचललं. आणि मग त्यांना कळेना, याला ठेवायचा कुठे. एका मोसमात एक काम, पुढच्या मोसमात दुसरं. एका जागेची सवय लागते न लागते तोच नवी जागा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी त्याला न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाकडे देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं माहीत आहे? पुढच्या ड्राफ्टमधली सातव्या फेरीची एक हाक. सातवी फेरी म्हणजे शेवटची. आपल्या भाषेत, चपलांकडे बघत उभा राहणारा भिडू.

यात मुलाची चूक किती आणि संघाची किती, यावर तिकडे अजून वाद घालता येईल. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त दोष निवडणाऱ्यांचा. त्यांनी ‘हा काय काय करू शकतो’ याची यादी केली, पण ‘आपण याला काय करायला सांगणार’ हे ठरवलं नाही.

याच्या उलट गोष्टही आहे. मिंका फिट्झपॅट्रिक नावाच्या खेळाडूला २०१८ मध्ये मायामीने अकराव्या क्रमांकावर घेतलं, तेही असंच सगळीकडे खेळता येतं म्हणून. तिथे त्याला इकडून तिकडे हलवायला लागले. त्याला ते पसंत नव्हतं. त्याने दुसऱ्या संघात जाऊ द्या म्हणून मागणी केली. सप्टेंबर २०१९ मध्ये पिट्सबर्गने आपली पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची हाक देऊन त्याला घेतलं, आणि सगळ्यांत मागे, जिथून अख्खं मैदान दिसतं त्या एका जागी उभं केलं. त्याच मोसमात देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात त्याचं नाव आलं. आणि २०२२ मध्ये काइल हॅमिल्टन आला. तो ४० यार्ड ४.५९ सेकंदांत पळाला, त्याच्या जागेसाठी हे जरा हळूच, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तो चौदाव्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. बाल्टिमोरने त्याला घेतलं, दोन-तीन जागी वापरलंही, पण प्रत्येक जागी त्याने काय करायचं ते ठरवून. २०२३ मध्ये तोही सर्वोत्तमांच्या संघात!

आपल्याकडे हे काही नवं नाही बरं का. २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडने यष्टिरक्षण केलं होतं, आठवतंय? म्हणजे तुम्हांला नाही, तुमच्या बाबांना विचारा. त्यामुळे भारताला एक फलंदाज जास्त खेळवता आला. पण द्रविड आधी पक्का फलंदाज होता, ग्लोव्हज नंतर. उलटं असतं तर कोणी त्याला संघात घेतलं असतं?

बरं, आता खऱ्या कामाकडे येऊ. बचावपटू पारखायचा कसा? आपण सामना बघताना डोळे चेंडूच्या मागे पळवतो. पारखणारा माणूस उलटं करतो. तो चेंडू सोडून एकाच पोरावर डोळा ठेवतो. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना हा काय करतोय? कमरेवर हात ठेवून ढग बघतोय, की मागे वळून आपल्या पाठीमागे कोणी घुसत नाही ना हे पाहतोय? चांगला बचावपटू दर दोन-चार सेकंदांनी मान वळवतो. पुढचा माणूस चेंडू घेऊन अंगावर आला की हा कसा उभा राहतो तेही बघा. छाती समोर करून सरळ उभा राहिला तर गेला! कोणत्याही बाजूने चेंडू निघून जाईल. अंग तिरकं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, म्हणजे वळायला अर्धा क्षण कमी लागतो. फुटबॉलमध्ये अर्धा क्षण फार असतो.

आणि इथेच जागा बदलण्याची गंमत आहे. राइट बॅकला एक फुकटचा मदतनीस असतो, कडेची पांढरी रेघ. समोरच्याला रेघेकडे ढकलत न्यायचं. रेघ काही चकत नाही, दमत नाही. तोच मुलगा सेंटर बॅकला उभा राहिला की ही रेघ नाहीशी होते. धोका डावीकडूनही येतो, उजवीकडूनही. शिवाय ऑफसाइडचं कुलूप! बचावातल्या चौघांपैकी तिघं एकदम पुढे सरकले आणि एक जण मागेच राहिला की ते कुलूप उघडंच. म्हणून मधल्या माणसाला तोंड असावं लागतं. ‘वर चला’, ‘थांब’, ‘तुझ्या मागे’, असं सारखं बोलावं लागतं. कबड्डीत कोपऱ्याचा गडी आणि त्याच्या शेजारचा कव्हर यांचं हेच असतं ना? दोघंही पकडच करतात, पण एक घोट्याकडे बघतो, दुसरा धक्क्याची वेळ साधतो. एकाला दुसऱ्याच्या जागी उभा केला तर पहिले काही दिवस पाय चुकतात.

म्हणून दोन जागी खेळणाऱ्याला पारखताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: जागा बदलली की याच्या सवयी बदलतात का? मधे आल्यावरही जो मुलगा समोरच्याला कडेच्या रेघेकडे ढकलत बसतो, तो दोन जागी खेळत नाही. तो एकाच जागेचा खेळ दुसरीकडे उभा राहून खेळतो.

आणखी एक. चुकल्यावर काय करतो ते बघा. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानाचा निम्मा भाग तळं असतो. तुंगार्लीचं धुकं उतरलं की या गोलवरून तो गोल दिसत नाही. चेंडू पाण्यात येऊन अचानक थांबतो, पाय घसरतात, चांगले चांगले आपटतात. अशा दिवशी खरा बचावपटू ओळखू येतो. पडल्यावर एक जण पंचांकडे हात पसरतो. दुसरा उठून आधी गोलकडे धावतो, चिखल नंतर पुसतो. हा दुसरा मला कुठल्याही जागी चालेल.

संघाला असा मुलगा का हवा असतो, त्यामागे साधा हिशेबही आहे. पूर्वी सामन्यात तीनच बदली खेळाडू आणता यायचे. २०२० मध्ये करोनाच्या काळात ते पाच केले आणि २०२२ मध्ये तोच नियम कायमचा झाला. पाच असले तरी बाकावरच्या खुर्च्या मोजक्याच असतात. दोन जागा सांभाळणारा एक जण बसवला की एक खुर्ची आघाडीच्या एखाद्या पोराला मिळते. पण हिशेबात एक मेख आहे. दुसऱ्या जागी तो त्या जागेच्या नेहमीच्या खेळाडूपेक्षा किती कमी पडतो? थोडा कमी असेल तर सोनं. फारच कमी असेल तर ती खुर्ची फुकट गेली.

तर दोस्ता, तुझ्या फॉर्मचं उत्तर. रेघेवर एकच जागा लिही. जिथे सामना हातातून जात असताना तुला उभं राहावंसं वाटतं ती. तुझ्या पत्रात राइट बॅकबद्दल चार ओळी आहेत आणि बाकी सगळ्यांबद्दल मिळून दोन, त्यावरून मला तर उत्तर दिसतंय, पण ठरव तूच. मग कंसात ‘सेंटर बॅकही खेळलो आहे’ असं लिही. मधल्या फळीचं लिहू नकोस. कोणी आजारी पडलं म्हणून उभं राहणं आणि खेळणं वेगळं. चाचणीत सरांनी दुसरीकडे उभं केलं तर तोंड वाकडं करायचं नाही, पण एवढं जरूर विचार: ‘सर, इथे मी पुढे जायचं की मागे थांबायचं?’ हा प्रश्न सिमन्सला कोणी वेळेवर सोडवून दिला असता तर बरं झालं असतं.

आईबाबांसाठीही दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात हे मला माहीत आहे. तेरा-चौदाव्या वर्षी जो मुलगा किंवा मुलगी वर्गात सगळ्यांत उंच, त्याला डोळे झाकून सेंटर बॅकला उभं करतात. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या खांद्याला लागतात आणि उंचीचा फायदा संपतो. तोपर्यंत त्याने पायाने चेंडू खेळायला शिकलेलंच नसतं. म्हणून या वयात दोन-तीन जागी खेळायला मिळणं हे नुकसान नाही, कमाई आहे. ‘आमच्या बंड्याला सारखं हलवतात’ म्हणून सरांकडे तक्रार घेऊन जाण्याआधी त्याला नवीन जागी काय शिकवतायत हे विचारा. काहीच शिकवत नसतील, नुसतं भोक बुजवायला उभा करत असतील, तर मात्र जरूर जा.

आता तुमच्यासाठी काम. येत्या रविवारी कुठलाही सामना बघायला जा. शाळेचा, गल्लीचा, मुलींचा, मुलांचा, कुठलाही. बचावातला एकच खेळाडू निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. चेंडूकडे बघायचं नाही! (हे सगळ्यांत अवघड आहे, करून पाहा.) वहीत तीन रकाने आखा: मान किती वेळा वळवली, किती वेळा बोलला, चुकल्यावर पहिलं पाऊल कुठे टाकलं. नंतर जमलं तर दुसऱ्या अर्धात त्याची जागा बदललेली असताना पुन्हा दहा मिनिटं. दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि काय दिसलं ते पोस्टकार्डावर कळवा. खेळाडूचं नाव लिहू नका, नुसतं ‘उजवीकडचा’, ‘मधला’ पुरे.

आणि हो, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. इकडचे असाल तर पेनऐवजी पेन्सिल. मावळातल्या पावसात शाईचे रकाने पाच मिनिटंही टिकत नाहीत.